सिस्टर बदलू लागल्या तर काय करावे

रविवारी मिस्सा सुटल्यावर तुम्ही चर्चच्या आवारात उभे आहात. समोरून सिस्टर स्कूटीवरून येतात. डोक्यावर शिरोवस्त्राच्या जागी हेल्मेट, अंगात पायघोळ झग्याऐवजी सलवार-कमीज. तुमच्या पोटात गोळा येतो. येणारच. तुम्ही स्वतः पायजमा सोडून पँट आणि पँट सोडून गुडघ्यापर्यंतची बर्म्युडा इथवर प्रवास केलात, पण ते वेगळं. तुम्ही संसारी माणूस, काळाबरोबर चालायला हवं. सिस्टरांनी मात्र तुम्ही तिसरीत असताना जशा होत्या तसंच राहायला हवं, फूटपट्टीसकट.

गांगरून जाऊ नका. धर्मभगिनी बदलू लागल्या की काय करायचं, याचं शास्त्र चारशे वर्षं तयार होत आलंय. ते रचणाऱ्यांमध्ये एकही बाई नाही, त्यामुळे ते पूर्ण निःपक्षपाती आहे.

सुरुवात नेहमी कपड्यांपासून करा. प्रार्थना दिसत नाही, उपास दिसत नाही, रात्री दोनला उठून कुणाच्या उशाशी बसलेली सिस्टर तर कुणालाच दिसत नाही. झगा फाटकापासून दिसतो. फक्त एक सांभाळा. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘पर्फेक्ते कारितातिस’ नावाचा एक हुकूमनामा काढला. व्रतस्थांचा वेश साधा, प्रकृतीला मानवणारा, काळाला, जागेला आणि कामाला साजेसा असावा आणि तसा नसेल तर तो बदलावा, असं त्यात लिहून ठेवलंय. म्हणजे स्कूटीवरची सिस्टर चक्क आज्ञापालन करते आहे. तेव्हा हा हुकूमनामा वाचू नका, आणि शेजारच्याने वाचला असेल तर विषय पावसावर न्या.

कुणी मदर तेरेसांचं नाव काढलं तरी डगमगू नका. त्यांनी १९४८ साली लोरेटो संघाच्या सिस्टरांचा झगा उतरवून निळ्या काठाची पांढरी सुती साडी नेसली, जशी कोलकात्याच्या गल्ल्या झाडणारी बाई नेसेल. आज त्याच साडीतला त्यांचा फोटो तुमच्या दिवाणखान्यात आहे. फ्रेममधला बदल चालतो. चालत्या गाडीवरचा नाही.

आता जरा वरच्या वर्गातली युक्ती. आधी ‘बदला’ म्हणायचं, आणि बदलल्या की दचकायचं. परिषदेनंतर रोमने जगभरच्या संघांना सांगितलं, विशेष महासभा भरवा, जुने नियम तपासा, प्रयोग करा. लॉस एंजेलिसच्या ‘इमॅक्युलेट हार्ट’ सिस्टरांनी ते मनावर घेतलं. चूक तिथेच झाली. १९६७ साली त्यांनी ठरवलं की कपडे आणि प्रार्थनेच्या वेळा आम्ही ठरवू, शिक्षणशास्त्राचा अभ्यास पुरा झाल्याशिवाय कुणा सिस्टरला वर्गावर धाडायचं नाही आणि वर्गात मुलं कोंबायची नाहीत. तिथले आर्चबिशप कार्डिनल मॅकिंटायर यांनी विचारलं नाही की मुलांचं बरं होतंय का. आधी होतं तसं वागा, नाहीतर माझ्या शाळांतून निघा, एवढंच. १९७० साली तीनशेहून अधिक सिस्टर व्रतांतून मोकळ्या झाल्या आणि त्यांनी आपला वेगळा समाज उभा केला. कार्डिनलांना बदल नको होता. बघा, एका फटक्यात सगळंच बदललं.

पण तुम्हाला खरा आदर्श हवा असेल तर रावळपिंडीला चला, फाळणीच्या बऱ्याच आधीच्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरसमोर जात नसत. बाळंतपण अडलं की सुईण, सुईणीच्या पलीकडे कबर. मिशनच्या सिस्टर होत्या, हातात वेळ होता, मनात माया होती, पण चर्चचा नियम असा की जाहीर व्रतं घेतलेल्या बाईने वैद्यकी करायची नाही, आणि बाळंतपण तर नाहीच नाही. व्रतस्थ नजरेला ते झेपणार नाही म्हणे. जपमाळेत रोज पन्नासदा ‘तुझ्या उदराचे फळ’ म्हणणाऱ्या बायकांना उदर म्हणजे काय हे बघायची बंदी! आई मेली, मूल मेलं, तर त्यांच्यासाठी प्रार्थना करायला मात्र पूर्ण मोकळीक होती. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नसे.

अॅना डेंगेल ही ऑस्ट्रियातल्या तिरोलची मुलगी आयर्लंडमधल्या कॉर्कला डॉक्टर होऊन १९२० साली इथे आली. समोर बघितलं ते तिला पचेना. तिने १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ सुरू केल्या, आरंभी चौघीजणी. सिस्टर म्हणून जाहीर व्रतं घ्यावीत तर डॉक्टरकी बंद, डॉक्टरकी करावी तर सिस्टर म्हणवून घेणं बंद. म्हणून त्यांनी जाहीर व्रतं न घेताच काम सुरू केलं आणि चर्चच्या दारावर थापा मारत राहिल्या. दार उघडलं फेब्रुवारी १९३६ मध्ये. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत किती बाळंतपणं अडली हे कुठल्या वहीत नाही, त्यामुळे तुम्ही निश्चिंत असा. आपल्या शास्त्रात याला ‘विवेकी विलंब’ म्हणतात.

विलंबाचेही उस्ताद आहेत. इंग्लंडच्या मेरी वॉर्डना वाटलं, जेझुइट या पुरुषांच्या संघासारखं बायकांनीही मठाच्या भिंतीबाहेर पडून शिकवावं, कुणा बिशपच्या मुठीत न राहता. १६३१ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांचा संघ मोडीत काढला, घातक रोप मुळासकट उपटावं अशा थाटात. म्युनिकच्या एका मठात त्यांना कोंडलं. तिथून त्या लिंबाच्या रसाने पत्रं लिहीत. कागद विस्तवावर धरला की अक्षरं उमटायची. (आपल्याकडे लिंबाचा उपयोग दारावर टांगण्यापलीकडे फार होत नाही.) त्यांनाच आपली संस्थापिका म्हणायची मुभा त्यांच्या मागे उरलेल्या परंपरेतल्या सिस्टरांना मिळाली १९०९ साली. तोवर त्यांच्याच परंपरेतल्या लोरेटो सिस्टर कोलकात्यात येऊन, शाळा काढून, पिढ्याच्या पिढ्या मुली शिकवून बसल्या होत्या. मदर तेरेसा त्यातल्याच. ऑस्ट्रेलियात मेरी मॅकिलप यांना बिशपांनी १८७१ साली बहिष्कृत केलं आणि रोमने २०१० साली संत घोषित केलं. तेव्हा बदल करणाऱ्या सिस्टरला आधी बाहेर काढा. पुतळ्याचं नंतर बघता येईल.

एवढा धीर नसेल तर चौकशी लावा. २००९ साली रोमने अमेरिकेतल्या सिस्टरांची तपासणी जाहीर केली. लांबलचक प्रश्नावली निघाली, मालमत्ता किती, पैसा किती, सगळं. अनेक संघांनी सगळी उत्तरं भरण्याऐवजी आपल्या संघाच्या संविधानाची, म्हणजे नियमावलीची, प्रत पाठवून दिली, म्हणजे घ्या, तुम्हीच मंजूर केलेलं, वाचा. ती चौकशी चालू असतानाच, डिसेंबर २००९ मध्ये, रोमने मेरी वॉर्ड यांना ‘वंदनीय’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी दिली. एका हाताने आरती, दुसऱ्या हाताने झडती. जमायला हवं.

२०१४ च्या डिसेंबरात अहवाल आला तो आभाराचा. सिस्टर पन्नास हजारांच्या आसपास उरल्यात, साठच्या दशकाच्या मध्यापासून सव्वा लाखाने घटल्यात आणि निम्म्याहून अधिक सत्तरी ओलांडलेल्या आहेत, हेही त्यात होतं. सहा वर्षं कुणाची झडती चालली होती? आज्यांची. युरोपातल्या मठांत आता अशा आज्यांना आंघोळ घालायला केरळच्या, झारखंडच्या सिस्टर जातात. पूर्वी मिशन तिकडून इकडे यायचं, आता इकडून तिकडे जातं. हा बदल मात्र कुणी अडवत नाही, कारण त्यात कामच तेवढं आहे.

आणि काही केल्या बदल थांबलाच नाही तर? तर द्या पद. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला व्हॅटिकनच्या व्रतस्थांच्या खात्याच्या प्रमुख झाल्या. खात्याच्या प्रमुखपदी बसलेली पहिली बाई. कन्सोलाता मिशनरी, नर्स, मोझांबिकमध्ये काम केलेल्या. कौतुक करा, हार घाला. त्याच दिवशी त्यांच्यासोबत एका कार्डिनलांची ‘प्रो-प्रीफेक्ट’, म्हणजे जोडीचे प्रमुख, म्हणून नेमणूक झाली. का, म्हणून विचारू नका. आपल्या ग्रामपंचायतीत बाई सरपंच असते आणि शेजारच्या खुर्चीवर सरपंचपती बसलेले असतात, तेव्हा विचारता का? सिस्टरांना पती नसतो, एवढीच अडचण होती.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, हे शास्त्र नुकतंच वापरून पाहिलं. सिस्टरांचा मठ वीस जणींसाठी बांधलेला, राहतात तिघी. सर्वात धाकटी एकसष्टची. या जागेचं काय करायचं, म्हणून सल्लागार मंडळाची बैठक ठरली, सोयीचं म्हणून मठाच्याच जेवणघरात. आम्ही अकरा पुरुष. एकाने मागचं अंगण पावलांनी मोजून आणलं होतं, चोवीस गाड्या मावतील. दुसऱ्याला लग्नाचा हॉल हवा होता. सिस्टरांना बोलावलंय का, असं कुणीतरी विचारलं. ‘आहेत ना, चहा करतायत,’ अध्यक्ष म्हणाले.

थोरल्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या. कप मांडून झाल्यावर एप्रनच्या खिशातून एक पत्र काढून त्यांनी अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांच्या प्रांताच्या सभेत डिसेंबरातच ठरलं होतं. जूनपासून तिघी पालघरकडच्या एका पाड्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला जाणार, आणि मठाची इमारत, जी सातबाऱ्यावर त्यांच्या संस्थेच्या नावे आहे, तिथे एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बायकांची सोय होणार. खाली तिघींच्या सह्या.

पत्र टेबलभर फिरलं. पावलं मोजणाऱ्याने दोनदा वाचलं.

‘अहो पण असं कसं सिस्टर,’ अध्यक्षांचा आवाज चढला, ‘आम्हाला कुणाला न विचारता?’

सिस्टर कप गोळा करत होत्या. अध्यक्षांचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

‘हा घेणार आहात,’ त्यांनी विचारलं, ‘की नेऊ?’