वावर कोणाचं होतं, ते सांग आधी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी नागपुरात बर्डीवरच्या टपरीवर आमचा कट्टा भरला होता. काटोलवाल्यानं नातवाच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल आणला होता. तो बाकड्यावर उभा केला अन् सुरू झाला, "दीडशे वर्षांआधी कास्तकार राजा होता बे! पेवात ज्वारी, घरचं बियाणं, घरचे बैल. कोणापुढं हात पसरा लागत नव्हता."

"वावर कोणाचं होतं?" उमरेडवाला म्हणाला. "तुहा पणजा मालगुजार. माहा पणजा अशाच एका मालगुजाराच्या घरी सालाच्या बोलीवर राबणारा सालदार. यातला राजा कोणता?"

काटोलवाला गप्प.

मास्तर मध्ये पडले (निवृत्त झाले, पण चुका काढायची खोड गेली नाही). नागपूरकर भोसल्यांच्या काळी मालगुजाराचं काम गावाचा शेतसारा गोळा करून भरायचं. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं अन् १८६० नंतरच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी त्यालाच गावाचा मालक करून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्या जमीन वाहणारा झाला कूळ.

"अन् 'सगळं घरचं' तेही अर्धंच," मास्तर थांबेनात. "१८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, तर हिंगणघाटात भाव चढला. १८६५ ला लढाई थांबली, भाव कोसळला. १८६७ ला नागपूरले रेल्वे आली, मग तर विचारूच नका."

पेवाचं मात्र काटोलवाल्याचं खरं होतं. जमिनीतल्या त्या खड्ड्यात ज्वारी बरेच दिवस टिकायची. पण १८९६-९७ चा दुष्काळ, लगेच १८९९-१९०० चा. दोन्हींत किती पेवं पुरली असतील?

"पण कामात मजा होती," काटोलवाला हट्टाला पेटला. "पाऊस पडला का सारं गाव तिफणीमागं!"

"बैलाले पोळ्याची तरी सुट्टी," उमरेडवाला म्हणाला. "सालदाराचा तोही दिवस बैल धुण्यात जाये."

टपरीवाली वहिनी गाळणी आपटत बोलली, "अन् तिफणीमागं सरत्याची नळी धरून तूर कोण पेरे? त्याच्याआधी पहाटे जात्यावर कोण बसे? ते नाई येत तुमच्या राज्यात?"

कोणी काही बोललं नाही. उमरेडवाल्यानं लाकडी बैल उचलला, चाकं फिरवून पाहिली.

"केवढ्याले?"

"बाराशे."

"लुटलं बे तुले."

त्यावरून पुढचा अर्धा तास पुन्हा जुंपली.