घरच्या रेकॉर्डिंगला प्रो टूल्सच लागतं?

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या गटांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. घरी मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग (प्रत्येक गळा-वाद्य वेगळ्या ट्रॅकवर) करायचं तर स्टुडिओंमध्ये चालणारं प्रो टूल्स हे सॉफ्टवेअरच घ्या. स्वस्त किंवा फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाज पातळ येतो, ट्रॅक पुरत नाहीत, गाताना हेडफोनमध्ये आवाज मागे पडतो, आणि पुढे ती फाइल स्टुडिओत कुणी उघडत नाही. परवडत नसेल तर क्रॅक (परवान्याशिवाय चालणारी चोरीची प्रत) टाका, अशी शेवटी पुस्ती. यातल्या एक-दोन गोष्टींत तथ्य आहे, आणि बाकीच्या त्यांच्याच जोरावर खपतात.

‘आवाज पातळ येतो.’ या समजाला इतिहास आहे. २०१० साली नववी आवृत्ती येईपर्यंत प्रो टूल्स साधारणपणे ठरावीक हार्डवेअरशिवाय चालत नसे. त्यामुळे ज्याच्याकडे प्रो टूल्स, त्याच्याकडे बहुधा चांगला प्रीअ‍ॅम्प (माइकचा सिग्नल वाढवणारा), चांगले कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारे) आणि आवाज घुमू नये म्हणून बऱ्यापैकी हाताळलेली खोलीही असायची. श्रेय मिळालं सॉफ्टवेअरला. आज रीपर किंवा वेव्हफॉर्मसारखं स्वस्त-फुकट सॉफ्टवेअर असो की प्रो टूल्स, ट्रॅकची बेरीज ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे फार बारीक आकडेमोडीने, होते, आणि या बेरजेतला फरक कानाच्या आवाक्यात येत नाही.

विश्वास ठेवू नका, करून पाहा. त्याच चार-पाच वेव्ह फाइली प्रो टूल्स आणि रीपर अशा दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये घ्या. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) शून्यावर, पॅन (डावं-उजवं) मधोमध, एकही इफेक्ट नाही, नॉर्मलाइझ (पातळी आपोआप वाढवणं) बंद. दोन्हीकडून मिक्स ३२ बिट फ्लोट वेव्हमध्ये काढा. मग हे दोन मिक्स एका नव्या प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक, अगदी शून्यापासून लावा आणि एका ट्रॅकचं फेज उलटं करा, म्हणजे लहरीचे चढ-उतार उलटे होऊन दोन्हींतला सारखा भाग एकमेकाला खोडतो. रीपरमध्ये त्यासाठी ट्रॅकवर ø असं बटण असतं. दोन्ही मिक्स सारखे असतील तर मास्टरचा मीटर हलत नाही.

हलला, तर घाईने निकाल देऊ नका. पहिला संशयित पॅन लॉ. मोनो ट्रॅक मध्यावर असताना तो किती खाली आणायचा, हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं: कुठे ०, कुठे -३, कुठे -४.५ डेसिबल. ३ डेसिबलने मोठा असलेला मिक्स कानाला भरदार वाटतो आणि दुसरा ‘पातळ’. बहुतेक वाद इथेच मिटायला हवेत. पॅन लॉ सारखा केल्यावरही काही उरलं, तर फाइलचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) बदलला गेलाय का, डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक खरखराट) चालू आहे का, क्लिपच्या टोकांना आपोआप फेड लागलेत का ते बघा.

‘ट्रॅक पुरत नाहीत.’ गंमत अशी की ट्रॅकची मर्यादा प्रो टूल्सच्याच स्वस्त आवृत्त्यांना आहे. फुकटच्या इंट्रोमध्ये ८ ऑडिओ ट्रॅक मिळतात, त्यावरच्या आर्टिस्टमध्ये ३२. रीपरला आणि ट्रॅक्शनच्या फुकट वेव्हफॉर्म फ्रीला अशी मर्यादा नाही. तुमचा संगणक आणि डिस्क जिथवर झेपवतील तिथवर. हिशेब सोपा आहे: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. पाच मिनिटांचं, बारा ट्रॅकचं गाणं साधारण ५२० एमबी, तेही एकेकच टेक ठेवला तर.

पण ‘फुकट म्हणजे सगळं सारखंच’ असंही नाही, आणि इथे सल्ला देणाऱ्यांच्या विरोधकांचंही चुकतं. ऑडॅसिटी हे ध्वनी कापायला-जोडायला उत्तम साधन आहे. त्यात चालू गाण्यावर बदलता येणारे इफेक्ट २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून आले. मात्र मिडी कीबोर्ड (संगणकाला सूर सांगणारा) जोडून त्यात वाद्यं वाजवता येत नाहीत, आणि विंडोजसाठी तयार मिळणाऱ्या आवृत्तीत एसिओ या कमी उशिराच्या ऑडिओ ड्रायव्हरची सोय नाही. ट्रॅकवर ट्रॅक चढवताना दुसरा मागे-पुढे होतो, त्याचं कारण मात्र वेगळं. लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे उशीर भरून काढायला ट्रॅक किती सरकवायचा त्याचा, मूळ आकडा तिथे -१३० मिलिसेकंद असतो. तो तुमच्या यंत्राला जुळेलच असं नाही.

मॅक किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि सोबत भरपूर वाद्यंही देतं. अडचण एकच, ते ४४.१ किलोहर्ट्झवरच चालतं. रीपरची उलट तऱ्हा: इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब सगळं नीट, पण पियानो, ड्रम, लूप यांच्या नावाने जवळजवळ शून्य. बीट बनवणाऱ्याने ते उघडलं तर पहिल्या संध्याकाळीच वैतागेल. प्रत्यक्ष गळा, पेटी, तबला, गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला मात्र त्याच्याइतकं स्वस्तात दुसरं सोयीचं नाही, असं आमचं मत. प्रोजेक्टला ७/४ किंवा १०/४ सरळ देता येतं, म्हणजे रूपक आणि झपतालात बार रेषा समेवर पडते. विलंबितात क्लिकचा (मेट्रोनोमच्या टकटकीचा) नाद सोडा. आधी तानपुरा आणि ठेका रेकॉर्ड करून त्यावर गा.

‘गाताना आवाज मागे पडतो.’ पडतो, हे खरं. पण कारण बफर (संगणक एका वेळी जेवढे नमुने साठवून पुढे सोडतो तो साठा) आणि ड्रायव्हर. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूने ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ११ च्या आसपास, वर कन्व्हर्टर-ड्रायव्हरची थोडी भर. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे साथीदार साडेतीन-पावणेचार मीटरवर बसल्याइतकाच हा उशीर. बफर १०२४ केलात तर एका बाजूलाच २१ मिलिसेकंद होतात आणि लय डळमळते. प्रो टूल्सची डीएसपी (ध्वनीचं गणित करणाऱ्या स्वतंत्र चिपच्या) कार्डवाली एचडीएक्स यंत्रणा हा उशीर खरोखर नगण्य करते, पण ती करामत कार्डाची. नुसतं सॉफ्टवेअर घेऊन ती घरी येत नाही.

उपाय असा. विंडोजवर इंटरफेस (माइक-हेडफोन संगणकाला जोडणारं उपकरण) बनवणाऱ्या कंपनीचाच एसिओ ड्रायव्हर टाका. रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६, मिक्स करताना १०२४. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं (स्वतःचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण असेल तर ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं की स्वतःचाच आवाज दुहेरी, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

रेकॉर्ड झालेला ट्रॅकच सरकत असेल तर इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावा आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिट्टी बसेल. एका ट्रॅकवरचा क्लिक दुसऱ्यावर रेकॉर्ड करा, झूम करून दोघांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा आणि तो आकडा रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखालच्या रेकॉर्डिंगमधल्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरा. पुन्हा एकदा तपासा. चिन्ह चुकलं तर अंतर दुप्पट झालेलं दिसेल.

‘स्टुडिओत फाइल उघडत नाही.’ प्रोजेक्टची फाइल नाहीच उघडत. स्टुडिओला ती द्यायचीही नसते. द्यायचे असतात वेगवेगळे ट्रॅक. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून शेवटपर्यंत सलग काढा, मग गाणारा तिसऱ्या मिनिटाला का येईना. २४ बिट वेव्ह, मोनो ते मोनोच, मास्टरवरचे इफेक्ट आणि नॉर्मलाइझ बंद. नावं ‘ट्रॅक ७’ अशी नकोत. ‘तबला डग्गा’, ‘पेटी’, ‘मुख्य गळा’ अशी द्या. सोबत एक कच्चा मिक्स, टेम्पो, पट्टी आणि सॅम्पल रेट लिहून द्या.

सॅम्पल रेट विसरला जातो आणि घोळ तिथेच होतो. ४८ ची फाइल रूपांतर न होता ४४.१ ने वाजली, तर पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५ मिनिटं २६ सेकंदांचं होतं आणि काळी चारचा गळा पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. गाणं ‘जड’ वाटतंय अशी तक्रार आली की आधी हा आकडा बघावा.

रोज त्याच स्टुडिओबरोबर प्रोजेक्टची देवाणघेवाण करायची असेल किंवा तिथे नोकरी धरायची असेल, तर प्रो टूल्स शिकावंच लागेल. ते कारण वेगळं. तेव्हा एवढं लक्षात असू द्या की ते प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट आणि वाद्यं) एएएक्स प्रकारचीच घेतं. जमवलेली फुकट व्हीएसटी प्रकारची प्लगइन त्यात दिसणार नाहीत.

‘परवडत नसेल तर क्रॅक टाका.’ क्रॅक टाकताना पहिली सूचना असते अँटिव्हायरस बंद करा. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर हे करायचं, तेही कशासाठी? रीपरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच-साडेपाच हजारांना मिळतो. सॉफ्टवेअर वापरून धंदा करणाऱ्यालाही वर्षाची मिळकत २०,००० डॉलरपर्यंत असेल तर तोच चालतो. त्यापुढे २२५ डॉलर. सातव्या आवृत्तीत घेतलेला परवाना आवृत्ती ८.९९ पर्यंत पुरतो. विकत घेण्याआधी ६० दिवस ते काहीही न कापता, पूर्ण वापरून बघता येतं. परवाना यंत्रावर नसून माणसावर असतो, त्यामुळे एका वेळी एकच वापरलात तर घरचा डेस्कटॉप आणि प्रवासातला लॅपटॉप दोन्हींवर तो चालतो.