पोलंडचा ६४६ मीटरचा रेडिओ-खांब वादळाने पाडला नाही

एक फोटो आणि त्याखाली चार ओळी पुन्हा फिरू लागल्या आहेत: ‘कम्युनिस्टांनी परदेशी रेडिओ दाबायला वॉर्सामध्ये जगातला सर्वांत उंच टॉवर बांधला. नुसता दिखावा! माल गंजका, १९९१च्या वादळात कोसळला आणि पोलंडचा लाँगवेव्ह रेडिओ तिथेच संपला.’ यातली उंची आणि साल बरोबर आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘वॉर्सामध्ये’ नाही. गाव कॉन्स्तान्तिनुफ, गॉम्बिनजवळचं, राजधानीपासून शंभरएक किलोमीटरवर. आणि ‘टॉवर’ही नाही. टॉवर स्वतःच्या पायांवर उभा राहतो, हा ४.८ मीटर बाजूचा, त्रिकोणी, जाळीदार पोलादी खांब पाच टप्प्यांवर तीन दिशांना दिलेल्या ताणांवर, म्हणजे खेचून बांधलेल्या दोरांवर, उभा होता. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला स्टे मारतात, तसाच प्रकार. हा शब्दांचा कीस वाटेल, पण तो कोसळला कसा हे याच फरकावरून कळतं.

‘दिखावा’ म्हणणाऱ्यांनी एक भागाकार करावा. १९७४ मध्ये हे केंद्र सुरू झालं ते २२७ किलोहर्ट्झवर, म्हणजे लाँगवेव्हवर (लांब लहरींच्या पट्ट्यात). रेडिओलहरींचा वेग, सेकंदाला ३,००,००० किलोमीटर, भागिले २२७ म्हणजे तरंगलांबी सुमारे १,३२१ मीटर. तिची निम्मी ६६०. खांब होता ६४६.३८ मीटर. जाड खांब विजेच्या हिशोबात मोजपट्टीपेक्षा जरा लांब भरतो, म्हणून तो थोडा आखूड ठेवतात. पाव लांबीच्या, ३३० मीटरच्या खांबावरूनही प्रसारण होतंच. मात्र अर्ध्या लांबीचा खांब ऊर्जा जमिनीलगत जास्त आणि आकाशाकडे कमी फेकतो. रात्री आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतलेली लहर जमिनीलगतच्या लहरीत मिसळली की आवाज चढउतार करतो. तो त्रासाचा पट्टा त्यामुळे केंद्रापासून बराच लांब जातो. याची किंमतही मोजावी लागते. अशा खांबाच्या पायथ्याशी व्होल्टेज खूप जास्त असतं. इथे एक-एक मेगावॅटचे दोन ट्रान्समीटर जोडीने चालत आणि पायथ्याशी सुमारे १२० किलोव्होल्ट येत. अख्खा खांबच अँटेना, त्यामुळे तो उभाच इन्सुलेटरवर होता.

परदेशी रेडिओ दाबण्याचं म्हणाल, तर त्यासाठीचा गोंगाट त्या-त्या केंद्राच्या फ्रिक्वेन्सीवर, मुख्यतः शॉर्टवेव्हवर, सोडावा लागे. २२७ला जुळवलेला खांब त्या कामाचा नाही. इथून पोलिश रेडिओचा ‘पहिला कार्यक्रम’ (ही त्याची एक वाहिनी) जात असे. तो सरकारी होता आणि सरकारचीच बाजू मांडायचा, हे खरं. पण तो मुद्दा वेगळा.

आता कोसळण्याबद्दल. ८ ऑगस्ट १९९१ रोजी सर्वांत वरच्या टप्प्याचे ताण बदलण्याचं काम चालू होतं आणि चूक त्या कामात झाली. अशा कामाची रीत ठरलेली असते. आधी त्याच उंचीवर तात्पुरते ताण बांधायचे, ते खेचून भार त्यांच्यावर घ्यायचा, ताणमापकावर आकडा पाहायचा, दोन दिशांनी थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून खांब ओळंब्यात आहे ना ते तपासायचं, आणि मगच जुना दोर सोडायचा. तिन्ही दिशांचा ताण सारखा राहिला नाही की माथा झुकतो. तात्पुरते दोर खांबाच्या मधल्या अक्षाला धरून बसले नाहीत तर खांब पिळला जातो. झुकलेल्या खांबावर उरलेल्या ताणांची खेच आणि स्वतःचं वजन तिरकं पडतं, मग साधी झुळूकही पुरते. हा खांब आधी वाकला आणि साधारण मध्यावर मोडला. जीव कोणाचा गेला नाही, एक छोटी क्रेन तेवढी चिरडली. ताण बदलायला काढले होते म्हणजे देखभालीची गरज होती, एवढं ‘गंजका माल’वाल्यांना देता येईल. पण खांब पडला तो दुरुस्तीतल्या चुकीने.

शेवटचा दावा, लाँगवेव्ह रेडिओ संपल्याचा, तर तपासायला सर्वांत सोपा. खांब पुन्हा तिथेच उभारायचं १९९२ मध्ये ठरलं होतं, पण आसपासच्या लोकांनी विरोध केला. त्यानंतर पोलंडमधल्याच सोलेत्स कुयाव्स्कीला ३३० आणि २८९ मीटरचे दोन खांब उभे राहिले आणि १९९९च्या सप्टेंबरात तिथून २२५ किलोहर्ट्झवर ‘पहिला कार्यक्रम’ सुरू झाला. (२२७ची २२५ फ्रिक्वेन्सी १९८८ मध्येच झाली होती.) यातला मोठा खांब जवळपास पाव तरंगलांबीचा आहे.