परदेशातून: रोपवाटिकेला लिहिलेलं पत्र

दहावीचा निकाल लागला की आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस अभिनंदनांची रांग लागते. कोकण विभाग पुन्हा पहिला. 2024 साली 99.01 टक्के, 2025 साली 98.82. अशाच एका रांगेत एका गाववाल्यांनी लिहिलं की टक्क्यांचं कौतुक पुरे, पोरांना साधा उतारा वाचून कळत नाही. परदेशात वाचनाच्या युक्त्या शिकवतात त्या आणा, आणि पत्रं-जाहिराती लिहून घेणं बंद करा, आता पत्रं लिहितो कोण? खाली धडाधड अंगठे पडले. "इंग्लंडवाल्यांना विचारा," असंही एकाने लिहिलं. विचारलंत, तर सांगते. त्या युक्त्या मी इथे इंग्लंडमधल्या शाळेत इयर सिक्सला, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना, रोज शिकवते. त्यांच्याबद्दल इतकं भाबडेपणाने बोललेलं मला ऐकवत नाही.

युक्त्या म्हणजे काही गुपित नाही. पॅलिंक्सार आणि ब्राऊन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासक बायांनी 1984 मध्ये चार गोष्टी एकत्र बांधल्या: पुढे काय येईल याचा अंदाज, मजकुराला विचारलेला प्रश्न, अडलेल्या जागेची उकल आणि वाचलेल्याचं सार. चार-पाच मुलांचा गट करायचा, समोर एकच परिच्छेद ठेवायचा. पहिले काही दिवस शिक्षकाने मोठ्याने विचार करून दाखवायचा: "इथे ‘त्याने’ म्हणजे नक्की कोणी? थांबा, दोन ओळी मागे जाते." मग एकेका मुलाने शिक्षकाची जागा घ्यायची आणि शिक्षकाने हळूहळू अंग काढून घ्यायचं. याला ना पैसे लागतात ना स्मार्ट टीव्ही. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत तर एकाहून जास्त इयत्ता एकत्रच बसतात, तिथे हे जास्त सोपं जाईल.

पण बिघडतं कुठे तेही ऐका. अंदाज सांग म्हटलं की मूल चित्र बघून सांगतं, मजकूर बघतच नाही, म्हणून प्रत्येक अंदाजामागे "कशावरून?" हा प्रश्न लावावाच लागतो. प्रश्न काढ म्हटलं की "मुलाचं नाव काय?" असे प्रश्न येतात, तेव्हा ज्याचं उत्तर एका जागी बोट ठेवून दाखवता येतं तो प्रश्न बाद, असा नियम करावा. सार सांग म्हटलं की अख्खी गोष्ट पुन्हा सुरू होते. तिथे पंधरा शब्दांची मर्यादा घालायची आणि शब्द बोटांवर मोजून घ्यायचे. पंधरात बसवायचं तर काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि खरं आकलन तिथेच होतं. सगळ्यांत अवघड ती उकल. आपण अडलोय हेच मुलाला कळत नाही, ते सुरळीत वाचत पुढे जातं. त्याला "तो, ती, त्यामुळे, तरीही" या शब्दांपाशी हटकून थांबवायचं आणि हे कशाबद्दल आहे ते विचारायचं. बऱ्याचशा गफलती तिथे सापडतात.

आणि ज्याची तुम्हाला असूया वाटते ते इंग्लंड याच युक्त्यांचं काय करतं? मे महिन्यात सॅट्स, म्हणजे इयर सिक्सच्या शेवटी देशभर होणारी परीक्षा. वाचनाचा पेपर एक तासाचा, तीन उतारे, 50 गुण. फेब्रुवारीतली हाफ टर्मची सुट्टी संपली की कित्येक वर्गांत जुन्या पेपरांचा रतीब सुरू होतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या आजूबाजूची ओळ उतरवून काढायची, हे दहा वर्षांच्या मुलाला झोपेतही जमायला लागतं. गाईडमधलं उत्तर पाठ करणारं आपल्याकडचं पोर आणि हे पोर, दोघांनीही उतारा वाचलेला नसतो.

युक्त्यांचा फायदा होतो, पण त्याची मर्यादा लवकर येते. रोझेनशाइन आणि मायस्टर यांनी 1994 मध्ये चार गोष्टींच्या या पद्धतीवरचे 16 अभ्यास तपासले. कुठे सहा तासिका घेतल्या होत्या, कुठे पंचवीस. तासिका वाढल्या म्हणून फायदा वाढला असं दिसलं नाही. म्हणजे हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. वर्षभर तेच दळत बसलात तर मुलांच्या हाती नुसती जात्याची घरघर लागेल.

मग वर्षभर करायचं काय? त्याआधी, "पोरांना उतारा कळत नाही" म्हणता तो उतारा कोणता, ते सांगा. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि काय घडलं ते छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आता हा उतारा घ्या:

"पहाटे दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघाली. अर्धगोल जाळं टाकत ती लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागली. दोन्ही टोकांना माणसं ओढायला उभी राहिली. जाळं जवळ येऊ लागलं तसा वर घारींचा घेर आला. तांडेल काही बोलला नाही. त्याने पोराला घरी पिटाळलं, आणखी टोपल्या आणायला."

प्रश्न: तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, काय कळलं, आणि कशावरून? मालवण, देवगड, आचऱ्याच्या किनाऱ्यावरचं पोर शेवटच्या ओळीआधीच हसेल. घारी आल्या म्हणजे मासळी वर आली, आज रापण (किनाऱ्यावरून ओढायचं हे जाळं) भरली. माझ्या वर्गातल्या चुणचुणीत मुलीला हाच उतारा इंग्रजीत दिला तर ती चारही युक्त्या लावेल आणि "घारी" हा शब्द निसर्गवर्णन म्हणून सोडून देईल. तिची बुद्धी कमी नाही. तिने रापण पाहिलेली नाही, एवढंच.

म्हणून मी सांगेन, एक विषय धरा आणि दोन आठवडे सोडू नका. भरती-ओहोटीच घ्या. पहिल्या दिवशी साधं वर्णन. मग वेळांचा तक्ता: एका भरतीपासून दुसरी साधारण 12 तास 25 मिनिटांनी, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे 50 मिनिटं उशिरा. मग अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. मग खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, बांधाविषयीचा मजकूर, मग बंदराची एखादी बातमी. "उधाण", "भांग", "खाजण" हे शब्द पाच वेगवेगळ्या मजकुरांत भेटले की पाठ करावे लागत नाहीत, आणि पाचवा मजकूर पहिल्यापेक्षा अवघड असूनही मुलं तो सहज वाचतात. आधी पाच शब्द फळ्यावर, मग शिक्षकाचं एकदा प्रकट वाचन, मग मुलांचं मूक वाचन, मग गट. चाळीस मिनिटांत बसतं. उतारा दोनशे-अडीचशे शब्दांपेक्षा मोठा नको.

गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये हे एका गुणाकारात मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे आकलन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य तर सगळं शून्य. आमच्याकडच्या रविवारच्या मराठी वर्गात हा गुणाकार उघडा दिसतो. फोनिक्सवर, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचण्यावर, वाढलेली मुलं, बाराखडी काही महिन्यांत उचलतात. "रापण ओढली" हे खणखणीत वाचतात, कुठला रफारसुद्धा चुकत नाही, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. गावाकडच्या कितीतरी आज्यांचं नेमकं उलटं होतं. सगळी भाषा पोटात आणि अक्षराची ओळख नाही. तुमच्या वर्गातल्या पोराकडे मात्र दोन्ही बाजू आहेत, फक्त त्याची भाषा मालवणी आहे. "खय गेल्लंस?" असं बोलणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी "असं नाही, कुठे गेला होतास म्हण" असं दटावलं की त्या गुणाकारातली भरलेली बाजू तुम्ही आपल्या हाताने पुसता. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. एवढं पुरतं.

आता पत्रांकडे येते. दहावीच्या मराठीच्या 80 गुणांत 24 गुण उपयोजित लेखनाचे. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, आणि पुढे प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन. इथे आम्ही लेखनाचे चार हेतू धरतो: रंजन करणं, माहिती देणं, पटवणं, दोन्ही बाजू मांडणं. कागदावर दोन्ही याद्या उत्तम आहेत. नासतं ते एकाच कारणाने. तुमच्याकडे रोपवाटिकेला रोपांची मागणी करणारं पत्र वर्षानुवर्षं लिहिलं जातं, आणि रोपं येत नाहीत. आमच्याकडे गणवेश नको म्हणून हेडटीचरना पटवणारं पत्र दर वर्षीचा वर्ग लिहितो, आणि हेडटीचर ते वाचत नाहीत. तुम्ही प्रति, दिनांक, विषय, महोदय यांना गुण देता. आम्ही आलंकारिक प्रश्न आणि फ्रंटेड अ‍ॅडव्हर्बियल (वाक्याच्या सुरुवातीलाच आणलेलं क्रियाविशेषण) मोजतो. वाचणारा कोणीच नसला की उरतो तो साचा.

पत्र बंद करू नका, ते खरोखर पाठवा. शाळेला रोपं हवीत ना? मग मुलांना आधी ठरवावं लागेल: काजू की कोकम, किती, लावायची कुठे. मिरगाच्या आधी मिळायला हवीत, म्हणजे पत्र कधी जायला हवं? आणायला कोण जाणार, पैसे कोण देणार? पहिल्या खर्ड्यात यातल्या निम्म्या गोष्टी नसतील. तो खर्डा दुसऱ्या गटाला द्या, त्यांनी रोपवाटिकावाले होऊन प्रश्न विचारायचे. "किती रोपं ते लिहिलंच नाही!" हे शिक्षकाने लाल शाईने लिहिण्यापेक्षा समोरच्या पोराने ओरडून सांगितलं की लागतं. मग दुसरा खर्डा. शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी. उत्तर आलं तर ते वर्गात वाचा. नाही आलं तर स्मरणपत्र, तोही लेखनप्रकारच आहे.

आणि "पत्रं लिहितो कोण" असं कोकणाने म्हणावं? मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याला गावाहून येणाऱ्या कार्डात एकही शब्द फुकट नसायचा: मनिऑर्डर पोचली, गाय व्याली, कौलं शाकारायची आहेत. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते. ती कळण्यासाठी माणसं कार्डाची वाट बघत बसायची. माहिती देणारं लेखन म्हणजे काय, हे याहून चांगलं कोणी शिकवावं? पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ काढलं तेव्हा एक स्तंभ मराठीत आणि एक इंग्रजीत ठेवला, कारण वाचणारे दोन तऱ्हेचे होते. पटवणारं लेखन शिकवायचं तर देवळात चला. गाऱ्हाणं घालणारा आधी कोणाला हाक मारतो, कोणाच्या वतीने उभा आहे ते कसं सांगतो, चुकलं-माकलं पदरात घे म्हणून मागणं कसं मांडतो, आणि प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणणारी माणसं समोर असल्यामुळे त्याचं वाक्य कसं आवरतं आणि वळतं, हे पाचवीच्या पोराला कानाने पाठ आहे. त्याला फक्त तेच कागदावर मांडायला सांगायचं आहे.

"तिकडे बसून सांगायला काय जातं," असं खाली कोणीतरी लिहील. लिहा. इथे दिवसभर माझं बोलणं, तपासणं, पालकांना पाठवायचे ईमेल, सगळं इंग्रजीत असतं. मराठीत लिहावं तर माझ्यासमोर वाचणारे म्हणून तुम्हीच आहात, हा ग्रुप. उद्या तुम्हीही वाचेनासे झालात तर माझं मराठी त्या रोपवाटिकेच्या पत्रासारखं होईल, विषय-महोदयासकट बिनचूक आणि कोणालाच न पोचणारं. म्हणून "पत्रं लिहितो कोण" हे वाक्य मला लागलं.

तर एक मागणीपत्र माझंही. आपल्या शाळेच्या सातवीच्या मुलांनी रविवारच्या वर्गातल्या मुलांसाठी, ज्यांनी रापण कधीच पाहिलेली नाही त्यांच्यासाठी, ती कशी ओढतात ते दोन पानांत लिहून पाठवावं. फोटो नकोत, शब्दांतच हवं. होडीत किती माणसं, दोर कोण धरतं, ओढायला किती वेळ लागतो, जाळं कुठे अडकतं. इथली मुलं पंधरा दिवसांत प्रश्न लिहून पाठवतील, मोडक्या मराठीत का होईना. आणि मासळीची वाटणी कशी होते, मदतीला हात लावणाऱ्याला किती मिळते, ते विसरू नका. इथली मुलं आधी तेच विचारतील.