पाकटाने हल्ला केला म्हणे!

गणपती जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड हटकून फिरतो. 'चौपाटीवर पाकटांचा हल्ला, सावधान!' आणि खाली कुठल्यातरी परदेशी समुद्रातल्या, जबडा वासलेल्या शार्कचा फोटो. पाकट (स्टिंग रे, शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा) आणि शार्क लांबचे भाऊबंद आहेत हे खरं, पण म्हणून पुतण्याच्या भानगडीत काकाचा फोटो छापायचा? आमच्या फॅमिली ग्रुपवर यंदाही तो आलाच. तिथे तोंड उघडलं असतं तर मावसभावाशी पुन्हा वाजलं असतं, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मला बोलायचा हक्क आहे, कारण मी पाकटाचा मार खाल्लाय. 10 सप्टेंबर 2013, दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन, गिरगाव चौपाटी. त्या दिवशी पन्नासच्या वर माणसं जखमी झाल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं होतं. त्यातला एक मी. मूर्ती दुसऱ्याच्या हातात होती, मी नुसता मांडीभर पाण्यात 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडत होतो. डाव्या पायाखाली काहीतरी बुळबुळीत हललं आणि घोट्याच्या वर चांभाराचा दाभण घुसावा तसं झालं. जखम केवढी? बोटाच्या पेरापेक्षा लहान. पण दहा मिनिटांत कळ मांडीपर्यंत चढली आणि चाळीस वर्षांचा बाप्या मी, पोरांदेखत रडलो.

वाळूवर बसलो तर भोवती उपचारांचा बाजार भरला. कोणी म्हणे लिंबू पिळा, कोणी चुना लावा. एका काकांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने जो उपाय सुचवला तो इथे लिहीत नाही; स्वतः करायलाही तयार होते ते. तेवढ्यात तराफ्यावरचा एक म्हातारा कोळी आला, पाय बघितला आणि एवढंच म्हणाला, "पाकट हाय. गरम पानी. सोसंल तितकं गरम." कोणीतरी पळत जाऊन चहावाल्याकडून पातेलंभर पाणी आणलं, निर्माल्याची पिवळी बादली विसळून त्यात ओतलं, गार पाणी घालून बेताचं केलं. पाय आत टाकला. अर्ध्या तासात मी माणसात आलो. यात जादू काही नाही. पाकटाचं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने ते निकामी होतं. फक्त पाणी चटका बसेल इतकं नको, नाहीतर पाकट परवडला.

मग हॉस्पिटल. काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघून जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. केसपेपरवर लिहिलं, 'फिश बाइट'. तो कागद मी जपून ठेवलाय.

माझं भांडण आहे ते नेमकं या शब्दाशी. पाकट चावला नव्हता हो! त्याचं तोंड पोटाच्या बाजूला असतं, खाणं म्हणजे कोलंबी, खेकडे, शिंपले. उथळ पाण्यात अंगावर गाळ ओढून तो पडून असतो, डोळे तेवढे वर. त्यावर माणसाने पाय दिला की शेपटी उसळते आणि तिच्यावरचा करवती काटा लागतो. चाळीच्या गॅलरीत झोपलेल्याच्या पोटावर रात्री अंधारात तुमचा पाय पडला आणि त्याने लाथ झाडली, तर त्याने तुमच्यावर हल्ला केला असं म्हणाल का? त्या दिवशी हजारो पाय आमचे होते आणि गॅलरी त्याची.

2018 च्या ऑगस्टमध्ये हेच ब्लू बॉटल या जेलीफिशसारख्या समुद्री जीवाच्या बाबतीत झालं. जुहू, अक्सा, गिरगाव. दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या, मथळ्यात पुन्हा 'हल्ला'. ज्याला धड पोहताही येत नाही तो हल्ला काय करणार? निळ्या फुग्याचं शीड वर करून वारा नेईल तिकडे जातो, आणि पावसाळ्यात वारा नेमका आपल्या किनाऱ्याकडे. आपण ज्याला एक प्राणी समजतो ती खरं तर अनेक छोट्या जीवांची वसाहत असते, आणि वाळूवर मरून पडली तरी तिचे तंतू डसतात. तेव्हा पोरांनो, काडीनेसुद्धा डिवचू नका. डसलाच तर वाळूने चोळायचं नाही, नळाचं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने तंतू धुऊन काढायचे आणि मग पुन्हा आपलं गरम पाणी.

मावसभाऊ लगेच म्हणेल, आणि वैतरणेचं काय? बरोबर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाचा पाय शार्कने खरोखर धरला. बुल शार्क गोड्या पाण्यातही जगतो, खाड्या-नद्यांतून आत येतो. त्या माणसाचं जे झालं ते भयंकरच, तिथे मी शब्दांचा कीस पाडणार नाही. पण त्यानंतर महिनाभर आमच्या ग्रुपवर जुहूला पोरांना नेऊ की नको ही चर्चा चालली, ती बघून हसावं की रडावं कळेना. 2023 साली अख्ख्या जगात माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या घटनांची नोंद 69. आणि आपण किती शार्क खातो?

'आपण' म्हणतोय, कारण मीही खातो. माझ्या जन्मानंतर आईला दूध यावं म्हणून आजीने मुशीचं कालवण रांधून घातलं होतं. म्हणजे माझं पहिलं अन्नसुद्धा शार्ककडूनच आलेलं. मुंबईकर शार्क म्हटलं की दचकतो आणि मुशी म्हटलं की आलं-लसूण वाटायला घेतो. बी.एस्सी.ला झूलॉजी घेतलेल्यांना स्कोलिओडॉन आठवत असेल, फॉर्मालिनच्या वासासकट. तीच ही. हातभर लांबीची, चपट्या नाकाची.

दोन वर्षांपूर्वी दहिसरच्या बाजारात आमच्या नेहमीच्या मावशीने मुशी कापायला घेतली. पोट उघडलं तर आत पिल्लं. बोटाएवढी, पूर्ण झालेली, डोळेबिळे सगळं, आणि प्रत्येकाला दोऱ्यासारखी नाळ. ही मुशी अंडी घालत नाही, आपल्यासारखं नाळेने पिल्लू पोसते, हे मी वाचलं होतं. कोयत्यावर पहिल्यांदाच पाहिलं. मावशी क्षणभर थांबली. "भरलेली निघाली बाला," म्हणाली आणि पिल्लं बोटाने बाजूला सारून पुढचे तुकडे करायला लागली. मी पैसे दिले, पिशवी घेतली. घरी कालवण झालं, जेवलोही. चव नेहमीचीच होती. पण तेव्हापासून भरल्या पोटाची दिसली की नको म्हणतो. मावशी हसते.

ज्यांचा या जनावरांशी रोजचा संबंध, ते कोळी 'हल्ला' हा शब्द वापरताना मी फारसे ऐकले नाहीत. 'पाकटाने मारलं' म्हणतील आणि जाळं ओढायला लागतील. जाळ्यात व्हेल शार्क किंवा कासव सापडलं तर जाळं कापून सोडणारेही तेच. त्या फाटलेल्या जाळ्यासाठी राज्य सरकारने 2018 च्या डिसेंबरात 25 हजारांपर्यंत भरपाईची योजना आणली. आणि 2016 च्या जानेवारीत जुहूला मेलेला ब्रायडीज देवमासा लागला, तेव्हा मोबाइल वर धरून गर्दी कोणी केली? आपणच.

विसर्जनाआधी सूचना निघतात, अनवाणी उतरू नका, मुलांना पाण्यात नेऊ नका. चांगलंच आहे. पण मला चौपाटीवर लाउडस्पीकरच्या खांबाशेजारी गरम पाण्याचा एक ड्रम हवाय, आणि मराठीत एक पाटी: 'पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला.' पायाच्या धक्क्याने पाकट आधीच निघून जातो, त्याला तुमच्यात काडीचा रस नसतो.

गेल्या वर्षी मी तसाच घासत घासत उतरलो. भाची मागून ओरडली, "मामा, गुडघे गेले का तुझे?" तिला म्हटलं, तूही तशीच चल, घरी गेल्यावर सांगतो. थर्मास तिच्याच खांद्याला होता.