खताच्या अमोनियम सल्फेटने 'घरगुती शुद्ध प्रोटीन' बनत नाही

"पनीरच्या पाण्यात खताच्या दुकानातलं अमोनियम सल्फेट विरघळवा, साका कापडातून गाळा, दोनदा पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. नायट्रोजन तपासणीत ९० टक्के शुद्ध प्रोटीन!" जुळे सोलापुरातल्या जिमच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय आणि तो खताच्या दुकानात भाव विचारून आलाय. आता गप्प बसणं शक्य नाही.

खरं आहे तेवढं मान्य करते. अमोनियम सल्फेटने प्रोटीन खाली बसतं. प्रयोगशाळेत शुद्धीकरणाची पहिली पायरी पुष्कळदा तीच असते. पण पहिलीच.

पनीरच्या पाण्यात प्रोटीन असतं किती? दूध न तापवता केसीन (दुधातलं मुख्य प्रोटीन) काढलं, तर निवळीत लिटरला साधारण ६ ग्रॅम. पनीरसाठी दूध उकळलं की त्यातलंही बरंचसं केसीनबरोबर पनीरमध्येच जातं, पाण्यात उरतं मुख्यतः लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. आणि ते लिटरभर पाणी संपृक्त करायला २५ अंशांना सुमारे ७६७ ग्रॅम अमोनियम सल्फेट लागतं!

"धुवा" म्हणे. अमोनियम सल्फेटने बसलेलं हे प्रोटीन साध्या पाण्यात परत विरघळतं. धुतलं तर प्रोटीन मोरीत, नाही धुतलं तर खत पोटात. म्हणून प्रयोगशाळेत डायलिसिस करतात, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून अमोनियम सल्फेट बाहेर जाऊ देतात आणि प्रोटीन आत ठेवतात: साका थोड्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवायचा, पिशवीत भरायचा, ती फुगते म्हणून वर जागा सोडायची, शंभरपट बफरमध्ये ४ अंशांना रात्रभर ठेवायची, बफर दोन-तीनदा बदलायचं. पिशवी १२-१४ किलोडाल्टनपर्यंतचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू बाहेर सोडणारी घेतली तर १४ किलोडाल्टनचं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे दुधातलं प्रोटीन निसटू शकतं, ३.५ ची घ्यावी. बाहेरच्या बफरचा नमुना बेरियम क्लोराइडने पांढरा झाला तर सल्फेट शिल्लक आहे. फॉस्फेट बफर असेल तर मात्र ही खूण फसवते.

सगळ्यात संतापजनक आहे ती '९० टक्के' तपासणी. नायट्रोजन तपासणीची केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाची १८८३ सालची पद्धत प्रोटीन मोजतच नाही. ती नमुना सल्फ्युरिक आम्लात शिजवून त्यातल्या नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट करते, नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा अंदाज काढायला दुधासाठी ६.३८ ने गुणते. तपासणीत जे तयार व्हायचं, तेच हे लोक आधीच ओततात! अमोनियम सल्फेटमध्ये नायट्रोजन २१ टक्के. गुणाकार करा: १३४ टक्के 'प्रोटीन', नुसत्या खताचं. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळून हीच तपासणी फसवली गेली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन बाळं दगावली.

उन्हात वाळवण्याबद्दल काय बोलायचं; अमोनियम सल्फेटही त्यातच वाळतं. भुकटी करून ठेवली असेल तर खाऊ नका, गुरांनाही घालू नका. प्रोटीन त्या पनीरमध्ये आहे, ते खा, आणि पाण्यात कणीक भिजवा.