‘एसी लावा आणि खुशाल फिरा’ : ट्रेलर आणि कुत्र्यांबद्दलचा एक घातक सल्ला

उन्हाळी सहलींचे बेत ठरू लागले की एक संदेश हातोहात फिरतो. त्याचं म्हणणं असं : ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढलं जाणारं चाकांवरचं घर, तेव्हा प्रवासात कुत्र्यांना त्यातच मोकळं सोडा. मुक्कामी एसी लावून त्यांना आत ठेवा आणि दिवसभर खुशाल फिरा. वीज नसेल तर खिडक्यांना फट ठेवून छताचा पंखा लावा. कुत्रा तापलाच तर अंगावर ओला टॉवेल टाका, पण गार पाणी ओतू नका. आणि निघण्यापूर्वी त्याचे केस भादरून घ्या. यातला एकही सल्ला आहे तसा पाळण्याजोगा नाही.

‘प्रवासात ट्रेलरमध्ये मोकळं सोडा’

ट्रेलर ओढला जात असताना त्याला बाहेरची वीज नसते, म्हणजे छतावरचा एसी बंद असतो. आत काय चाललंय ते चालकाला दिसत नाही, ऐकूही येत नाही. टायर फुटला तर त्याचा सुटलेला रबरी पट्टा चाकाच्या वरच्या ट्रेलरच्या तळाशी आपटतो आणि तो फोडून आतही येऊ शकतो. खड्ड्यात कपाटं उघडून सामान खाली येतं, ते वेगळंच. कुत्र्याची जागा ओढणाऱ्या गाडीत, मागच्या सीटवर सीटबेल्टला अडकवलेल्या हार्नेसमध्ये (अंगाभोवतीच्या पट्ट्यांत) किंवा घट्ट बांधलेल्या क्रेटमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात.

कुत्रे ट्रेलरमध्ये ढकलले जातात त्याचं एक कारण वजन असतं, म्हणून हिशेब आधीच करावा. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. समजा तो ६०० किलो आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडावर येतो आणि तोही गाडीच्या भारात धरावा लागतो. २५०० किलोच्या ट्रेलरचे १२ टक्के म्हणजे ३०० किलो झाले. चार माणसांचे २८० धरले की उरले २०. तीस-तीस किलोचे दोन कुत्रे आणि त्यांचे क्रेट यात बसत नाहीत. अशा वेळी गाडीतलं जड सामान ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलच्या आसपास हलवावं आणि ट्रेलरची स्वतःची भारमर्यादा पुन्हा तपासावी.

‘एसी लावून दिवसभर फिरा’

सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच, कारण ते अर्धं खरं आहे. एसी चालू असेपर्यंत कुत्रा सुखात असतो. पण तो बंद पडायला किती साध्या गोष्टी पुरतात ते संदेशात नाही.

पहिली, ब्रेकर. अमेरिकेतल्यासारख्या १२० व्होल्टच्या ३० ऍम्पिअर जोडणीवर सगळं मिळून ३६०० वॅट मिळतात. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे गारव्याच्या क्षमतेचं माप) एसी भर उन्हात १२ ते १६ ऍम्पिअर खातो. विजेवरचा गीझर साधारण १२ घेतो. बॅटरी चार्जर आणि फ्रिज त्यात भर घालतात. बेरीज ३० च्या वर गेली की ब्रेकर पडतो आणि एसीही बंद होतो. गीझर तर पाणी निवलं की आपोआप सुरू होतो, त्याला ट्रेलरमध्ये कुणी असावं लागत नाही. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी गीझरचं विजेचं बटण बंद करायलाच हवं.

दुसरी, व्होल्टेज. दुपारी सगळ्या ट्रेलरचे एसी एकदम चालतात आणि मुक्कामाच्या तळावरची वीज दबते. साधारण १०४ व्होल्टच्या खाली गेल्यावर संरक्षक यंत्र पुरवठा तोडतं. कॉम्प्रेसर वाचतो, पण नेमका ऐन उन्हात एसी थांबतो. वीज परत आल्यावर काही थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) एसी आपणहून सुरू करतात, काही करत नाहीत. आपला कोणत्या जातीचा आहे ते कळायला सोपी चाचणी आहे : एसी चालू असताना तळावरच्या वीजजोडणीच्या खांबावरचा ब्रेकर पाडा, पाच मिनिटांनी चढवा आणि बघा. तेव्हाच प्लगलाही हात लावून बघा. अर्ध्या तासाच्या वापरानंतर कोमट असेल तर ठीक. हात टेकवत नसेल तर सॉकेटचे संपर्क झिजलेत, जागा बदलून घ्या.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते : केस. कुत्र्याचे केस एसीच्या फिल्टरवर बसतात, हवा अडते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. कॉम्प्रेसर घरघरत राहतो, पण गार हवा येत नाही. दोन केसाळ कुत्रे असतील तर दर दोन-तीन दिवसांनी फिल्टर धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. एसी ठीक आहे का ते थर्मामीटरने कळतं. आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण ८ ते ११ अंश सेल्सिअसचा फरक हवा.

कुत्र्याला थोडा वेळ एकटं ठेवणं अटळ असेल तर स्वतःचं सिमकार्ड आणि बॅटरी असलेला तापमानदर्शक घ्या. तळाच्या वायफायवर चालणारा नको, कारण वीज गेली की तेही जातं. तो कुत्र्याच्या उंचीवर, गार झोतापासून दूर ठेवा आणि इशारा २७ अंशांवर लावा. मग एका कडक दुपारी, तुम्ही आत असताना, एसी बंद करून २४ वरून २९ अंशांवर जायला किती मिनिटं लागतात ते मोजा. त्याच्या निम्म्या वेळात परत पोहोचता येईल इतकंच दूर जायचं. बारा मिनिटं लागली, तर तुमचा पल्ला सहा मिनिटांचा. जनरेटरच्या भरवशावर तर कुत्र्याला एकटं ठेवूच नये. तो इंधन संपून, तेल कमी पडून किंवा तापून केव्हाही थांबतो आणि त्याचा धूर आत येण्याचा धोका राहतोच.

‘खिडक्यांची फट आणि पंखा पुरतो’

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान तासभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकी किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. ट्रेलरमध्ये हवा जास्त मावते, पण भिंती आणि छत पातळ असतं. छताचा पंखा बाहेरचीच हवा आत आणतो, त्यामुळे बाहेर ३५ अंश असताना आत त्याहून कमी होणार नाही. शिवाय कुत्रा मुख्यतः धापा टाकून, म्हणजे तोंडातलं पाणी वाफ होऊन थंड होतो. कोंदट जागेत त्याच्याच श्वासाने दमटपणा वाढतो आणि ती वाफ होणं मंदावतं. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या, लठ्ठ आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना हे आणखी लवकर बाधतं.

‘ओला टॉवेल टाका, गार पाणी नको’

नेमकं उलटं. अंगावर पडून राहिलेला ओला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता कोंडतो. गार पाण्याने धक्का बसतो हा जुना समज आहे. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजचा सल्ला स्पष्ट आहे : आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. धापा थांबत नसतील, हिरड्या गडद लाल असतील, चाल लडखडत असेल, तर वेळ घालवू नका. तरुण, निरोगी कुत्र्याला डोकं वर धरून थंड पाण्यात बसवा. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर सतत पाणी ओता आणि पंख्याचा वारा द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ३९.५ अंशांच्या आसपास आलं की थांबा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी पशुवैद्याकडे न्याच, कारण मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची बिघाडं काही तासांनी दिसतात.

‘केस भादरा’

दुहेरी केसांच्या, म्हणजे वर लांब केस आणि आत लोकर असलेल्या कुत्र्याचे नाही. वरचे लांब केस ऊन अडवतात, ते गेले की कातडी भाजते. आतली सुटलेली लोकर मात्र निघण्याआधी आठवडाभर रोज ब्रशने काढावी. ती अंगावरून गेली की कातडीपर्यंत वारा पोहोचतो आणि तेवढे केस एसीच्या फिल्टरवरही कमी बसतात.